चर्चनं गाणं दिलं, चर्चनंच नावं ठेवली: सिस्टर रोझेटा थार्प

कोपऱ्यातला श्रोता (धागाकर्ता)

आधी एक दृश्य सांगतो, मग बाई कोण ते.

७ मे १९६४, मँचेस्टर. विल्ब्रॅहम रोड नावाचं स्टेशन, गाड्या बंद होऊन सहाएक वर्षं झालेली. ग्रॅनाडा टीव्हीवाल्यांनी एका फलाटावर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आडगावच्या स्टेशनाचा देखावा उभा केलाय. समोरच्या फलाटावर प्रेक्षक, बहुतेक विशीतली गोरी पोरं. मधे रूळ. पावसानं सगळं ओलं. घोडागाडीतून पन्नाशीला टेकलेली एक कृष्णवर्णी बाई उतरते. अंगात फिकट रंगाचा लांब कोट, पायात उंच टाचा. एक गृहस्थ हात धरून तिला जपून पुढे आणतात आणि ती लग्नघरातल्या मावशीसारखी सगळ्यांकडे बघून हसतेय. मग गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवते आणि नोहाच्या प्रलयाचं गाणं सुरू करते, 'डिडन्ट इट रेन'. ठरलेलं गाणं म्हणे दुसरंच होतं, पाऊस बघून तिनं ऐनवेळी बदललं. मधे गिटारचा एक तुकडा येतो. तो मी इतक्यांदा मागे नेऊन बघितला की शेवटी बायको म्हणाली, "अहो, पुढे जाऊ द्या की गाणं."

तर ही सिस्टर रोझेटा थार्प. जन्म २० मार्च १९१५, आर्कान्सा राज्यातलं कॉटन प्लँट. गावाच्या नावातच कापूस आहे, त्यामुळे लोक काय करत असतील ते वेगळं सांगायला नको. आई केटी बेल न्यूबिन मँडोलिन वाजवायची, गायची आणि प्रवचनही करायची. 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट' हा त्यांचा पंथ, कृष्णवर्णीयांचा पेंटेकॉस्टल (पवित्र आत्मा अंगी संचारतो असं मानणारा) पंथ. त्यात बायकांना पाळक होता येत नसे, पण सुवार्तिक म्हणून गावोगाव हिंडून साक्ष द्यायला, गायला मोकळीक होती. केटी बेलनं तेच आयुष्यभर केलं. रोझेटा पाच-सहा वर्षांची असताना मायलेकी शिकागोला आल्या. पोर एवढीशी आणि गिटार तिच्याहून मोठी. लोकांना दिसावी म्हणून तिला उंचावर उभी करत. पुढची पंधराएक वर्षं मायलेकींनी तंबूतल्या सभा, लहानमोठ्या मंडळ्या, रस्त्याचे कोपरे असं सगळं पालथं घातलं. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न त्याच पंथातल्या एका उपदेशकाशी झालं, थॉमस थॉर्प नाव. तो बोलायचा, ही गाऊन गर्दी जमवायची. नवरा टिकला नाही, आडनाव मात्र एक अक्षर बदलून टिकलं.

१९३८ हे तिच्या आयुष्यातलं खरं वळण. ती न्यूयॉर्कला आली आणि थेट कॉटन क्लबात, बँडवाल्या कॅब कॅलोवेच्या कार्यक्रमात उभी राहिली. कॉटन क्लब म्हणजे रंगमंचावर कृष्णवर्णी कलाकार आणि समोरच्या टेबलांवर दारूचे पेले घेतलेले गोरे लोक. ३१ ऑक्टोबरला डेक्का कंपनीसाठी पहिलं ध्वनिमुद्रण. २३ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड या संगीत-निर्मात्यानं भरवलेल्या त्या गाजलेल्या मैफलीत गाणं. तीन महिन्यांत तंबूतून कार्नेगी हॉल!

आणि इथेच ठिणगी पडली. पहिल्या रेकॉर्डांपैकी 'रॉक मी' हे मुळात थॉमस डॉर्सीचं भक्तिगीत, 'मला तुझ्या उराशी लपव' अशा भावाचं. हिनं ते अशा लाडिक ठसक्यात म्हटलं की ते कोणाच्या उराशी, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडावा. चर्चमधली मंडळी खवळली.

मला सगळ्यात रस आहे तो इथे. तिच्या पंथाला वाद्यांचं वावडं नव्हतं. मध्यमवर्गी बॅप्टिस्ट चर्चांमध्ये नाकं मुरडत, पण इथे गिटार, ड्रम, डफ सगळं चालायचं, अंगात आल्यासारखं नाचणंही चालायचं. हरकत वाद्याला नव्हती, तालाला नव्हती, शब्दांनाही नव्हती. हरकत जागेला होती. रविवारी सकाळी जे गाणं ऐकून लोक रडायचे, तेच शनिवारी रात्री क्लबात म्हटलं की पाप. रोझेटाला हा फरक कधी कळलाच नाही, किंवा कळून तिनं मानला नाही. माझ्या मते दुसरं.

बाकीचं प्रतिसादांत बोलू, टंकून बोटं दुखली.

सहातारी

वा! वाचनखूण साठवली. गिटारवाला म्हणून थोडी भर घालतो.

त्या चित्रफितीतली गिटार गिब्सनची, दोन शिंगांची, जिला पुढे एसजी म्हणायला लागले ती. तीन पिकअप (तारांची थरथर उचलणारे चुंबक), सोनेरी पितळकाम. ती गळ्यात घालून उंच टाचांवर ओल्या फलाटावर उभं राहायचं. वायरीचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो.

दुसरं, तिचं ट्यूनिंग. जुन्या मंडळींत त्याला व्हेस्टापोल म्हणतात. तारा अशा लावायच्या की काही न दाबता नुसता हात फिरवला तरी पूर्ण कॉर्ड वाजते. गाणाऱ्या माणसाला हे सोयीचं, डावा हात मोकळा मिळतो. त्या मोकळ्या हातानं ती एकेका तारेवर गाण्याला उत्तर देते. नीट ऐका: ओळ गाते, मग गिटार तीच ओळ म्हणते, कधी ओळीचा शेवट स्वतः न गाता गिटारवर सोडून देते. चर्चमध्ये उपदेशक बोलतो आणि लोक मागून 'हो प्रभू' म्हणतात, त्या लोकांचं काम इथे गिटार करते. मी तो सोलो बसवायला घेतला. सूर दोन दिवसांत बसले. ती बेफिकिरी दोन वर्षांत बसली नाही.

माजघरातून

छान लेख. एक बाळबोध शंका: सिस्टर म्हणजे नन का? मग लग्न कसं?

कोपऱ्यातला श्रोता

@माजघरातून, नाही हो. त्या मंडळ्यांमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतात. आपल्याकडे वारीत सगळे माउली, तसं. लग्नं तिची तीन झाली. तिसऱ्याची गोष्ट अशी आहे की स्वतंत्र धागा काढावा.

बांधावरचा

लेख चांगला, पण हल्ली इंटरनेटवर तिला 'रॉक अँड रोलची आई' वगैरे म्हणायची टूम आलीय. कोणी विसरलेलं सापडलं की लगेच त्याला जनक करायचं. रॉकला बाप डझनभर आहेत. लुई जॉर्डन, टी-बोन वॉकर, बूगी-वूगी वाजवणारे सगळे पियानोवाले. एका बाईच्या गळ्यात सगळं श्रेय कशाला?

सहातारी

@बांधावरचा, मुद्दा मान्य, अर्धा. जनक वगैरे शब्द मलाही आवडत नाहीत. पण १९४४ साली सॅमी प्राइसच्या पियानोबरोबर तिनं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' मुद्रित केलं, ते एकदा ऐका. मागे फक्त पियानो, बास आणि ड्रम. १९४५ मध्ये ते बिलबोर्डच्या 'रेस' यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. (रेस म्हणजे कृष्णवर्णीयांचं संगीत, तेव्हा यादीसुद्धा वेगळी ठेवायचे.) भक्तिगीतानं त्या यादीत एवढं वर जाणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. त्यानंतर दहा वर्षांनी जे रॉक अँड रोल म्हणून विकलं गेलं त्यातलं काय त्यात नाही, ते सांगा.

कोपऱ्यातला श्रोता

@बांधावरचा, आई म्हणू नका, मावशी म्हणा. दोन गोष्टी नोंदवतो.

१९४७ साली जॉर्जियातल्या मेकन शहरात तिचा कार्यक्रम होता. त्याच सभागृहात शीतपेयं विकणारा चौदा वर्षांचा एक मुलगा कार्यक्रमाआधी तिचीच गाणी गाताना तिला दिसला. तिनं त्याला रंगमंचावर बोलावलं, गाऊ दिलं आणि वर पैसे दिले. तो मुलगा म्हणजे पुढे रॉक अँड रोल गाजवणारा लिट्ल रिचर्ड. दुसरी, १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हाच्या भाषणात जॉनी कॅशनं आपल्या लहानपणच्या आवडत्या गायकांत हिचं नाव घेतलं. स्वतः तिला त्याच हॉलमध्ये जागा मिळाली २०१८ मध्ये. जाऊन पंचेचाळीस वर्षं झाल्यावर. मावशी उशिरा आली हो पंगतीला.

बांधावरचा

मावशी चालेल. 😄

नगरी चिंच

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो, या धाग्यासाठी.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, चौथी पिढी. आमच्याकडे उपासनेत पेटी-तबला पहिल्यापासून. ना. वा. टिळकांची भजनं म्हणतच मोठे झालो. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ठरवून अभंग, भजन, कीर्तन या आपल्या साच्यांत ख्रिस्ताचं गाणं ओतलं, कारण साहेबाच्या चालीवर मराठी शब्द बसवलेली गीतं लोकांच्या गळी उतरत नव्हती. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं करायचे. म्हणजे गाण्यातून सुवार्ता ही गोष्ट आम्हाला नवी नाही.

पण तुम्ही जागेबद्दल लिहिलंत ना, ते वाचून हसू आलं. आमच्यात एक शब्द आहे, 'जगिक'. जगाचं ते जगिक, देवाचं ते देवाचं. मी अकरावीत असताना नाताळच्या आधी घरोघर कॅरल गात हिंडायचो. एकदा एका घरी ढोलकीवाला रंगात आला आणि त्यानं गीताच्या मधे चक्क लावणीचा ठेका टाकला. घरच्या आजी टाळ्या वाजवत उठल्या. करंजी, चिवडा दुप्पट मिळाला. पण दुसऱ्या रविवारी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. "पोरांनो, ठेका जगिक होता." मी म्हटलं, काका, शब्द तर तेच होते. ते म्हणाले, "शब्द कुणी ऐकले?"

अजून उत्तर सापडलेलं नाही मला.

माजघरातून

"शब्द कुणी ऐकले?" हे भारी आहे. काकांना नमस्कार.

आणि गंमत बघा, उलट्या दिशेनं सगळं चालतं. आमच्या सोसायटीतलं भजनी मंडळ दर गुरुवारी सिनेमाच्या चालीवर दत्ताची गाणी म्हणतं, तिथे कुणाची हरकत नाही. चाल बाजारातून देवळात आली की ती पावन. देवळातून बाजारात गेली की बाटली.

दौंड लोकल

एक ऐतिहासिक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

रोझेटाचा पंथ पेंटेकॉस्टल झाला तो लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटमुळे. तिथे १९०६ मध्ये विल्यम सिमोर या कृष्णवर्णी उपदेशकाच्या सभांत मोठं संजीवन झालं: लोक रडतायत, अन्य भाषांत बोलतायत, गातायत. 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट'चे चार्ल्स मेसन १९०७ मध्ये तिथे जाऊन आले आणि तो अग्नी घेऊन परतले. आता तारीख बघा. अझूसाच्या एक वर्ष आधी, १९०५ मध्ये, असंच संजीवन झालं होतं आपल्या पुणे जिल्ह्यात केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि बालविधवा तासन्‌तास प्रार्थना करत, मोठमोठ्यानं रडत, गात. अभ्यासक या चळवळीचा इतिहास लिहिताना केडगावचं नाव घेतातच. केडगावमुळे अझूसा झालं असं मी म्हणत नाही. पण लोकलनं जाताना ते स्टेशन लागतं तेव्हा आता मला कॉटन प्लँट आठवणार.

कोपऱ्यातला श्रोता

@दौंड लोकल, हे मला माहीत नव्हतं. धागा काढल्याचं सार्थक झालं.

@नगरी चिंच, तुमच्या काकांचा प्रश्न रोझेटालाही विचारला गेला असणार. १९४१ पासून ती लकी मिलिंडरच्या बँडबरोबर गात होती आणि १९४२ मध्ये 'टॉल स्किनी पापा' हे उघड उघड चावट गाणं तिनं रेकॉर्ड केलं. इथे शब्दही देवाचे नव्हते, त्यामुळे बचावाला जागा नाही. १९४३ च्या सुमारास बँड सोडून ती भक्तिगीतांकडे परतली. १९४६ पासून मेरी नाइट या गायिकेबरोबर जोडी जमली. दोघी बायका, मागे बँड, स्वतःची बस, गावोगाव कार्यक्रम. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली मिळत नसे, जेवायला मागच्या दारानं जावं लागे, म्हणून कित्येकदा बसमध्येच झोपायचं. 'जॉर्डनेअर्स' हे गोऱ्या गायकांचं पथकही काही काळ तिच्याबरोबर फिरलं, तेच पुढे एल्विसच्या मागे गाणारे.

पावशा

तिसऱ्या लग्नाचं सांगा की राव. उत्सुकता लावून पळालात.

कोपऱ्यातला श्रोता

@पावशा, घ्या.

३ जुलै १९५१, वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम, बेसबॉलचं मैदान. वीसेक हजार लोक तिकीट काढून लग्नाला आले, पंचवीस हजार असंही सांगतात. होय, तिकीट. कल्पना आयोजकांची: लग्न आणि कार्यक्रम एकत्र. करार आधी झाला, नवरदेव नंतर शोधला! मुहूर्त ठरलाय, हॉल बुक आहे, स्थळ बघा, असा प्रकार. मिळाला रसेल मॉरिसन. मैदानाच्या मधोमध विधी झाला, फटाके उडाले, आणि नवरी लग्नाच्या पांढऱ्या पोशाखातच गिटार घेऊन गायला उभी राहिली. डेक्कानं सगळा सोहळा ध्वनिमुद्रित करून रेकॉर्ड म्हणून विकला. आयोजकांपैकी अर्विन फेल्ड यानं पुढे रिंगलिंग ब्रदर्स सर्कस विकत घेतली, त्यावरून काय ते समजा.

लोक याला तमाशा म्हणतात. मला मात्र वाटतं की तो काळ बघा: राजधानीतही काळे-गोरे वेगळे बसत, तिथे एक कृष्णवर्णी बाई स्वतःच्या लग्नाला स्टेडियम भरवते. आणि रसेल तिच्या शेवटापर्यंत नवरा राहिला, म्हणजे स्थळ अगदीच वाईट नव्हतं.

माजघरातून

आहेर किती जमला असेल हा माझा मराठी प्रश्न.

पावशा

मग हे सगळं असून ती विसरली कशी गेली?

नगरी चिंच

@पावशा, माझा अंदाज: दोन्ही घरच्यांनी परकी मानली. तिच्याच काळातली भक्तिगीतं गाणारी महेलिया जॅक्सन बघा. तिनं ठरवून क्लबात गायला नकार दिला, त्यामुळे चर्चला तिचा अभिमान. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगच्या आधी ती गायली. रोझेटाला तो मान कोण देणार? आणि रॉकवाल्यांनी चाल उचलली, पण त्यांना तरुण पोरगा हवा होता. हातात गिटार घेतलेली चाळिशीतली उपदेशक बाई पोस्टरवर कशी लावणार?

सहातारी

त्यात युरोपनं थोडं वाचवलं. १९५७ मध्ये क्रिस बार्बरच्या जॅझ बँडबरोबर ती इंग्लंडभर फिरली. आणि १९६४ ची मँचेस्टरची फीत ज्या दौऱ्यातली आहे, त्यात मडी वॉटर्स, सनी टेरी, ब्राउनी मॅगी असे सगळे ब्लूजवाले (देवाचं नव्हे, संसाराच्या दुःखाचं गाणं गाणारे) होते. गोऱ्या पोरांनी तिला ब्लूजवाली म्हणूनच ऐकलं. ती मात्र तिथेही बायबलच गात होती. पुन्हा तेच, शब्द कुणी ऐकले!

कोपऱ्यातला श्रोता

शेवटची वर्षं थोडक्यात सांगतो, मला ती लिहायला जड जातात. १९७० मध्ये पक्षाघात. मधुमेहामुळे पाय कापावा लागला. तरी बसून गायची. ९ ऑक्टोबर १९७३ ला फिलाडेल्फियात गेली, वय अठ्ठावन्न. अंत्यविधीच्या तयारीला मेरी नाइट होती. नॉर्थवूड दफनभूमीत पुरलं, पण थडग्यावर दगड नव्हता. तीस वर्षांहून जास्त काळ तिथे कोण आहे हे सांगणारी एक ओळ नव्हती. मधल्या काळात, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. तिकिटावर नाव आलं, कबरीवर नाही. गेल वॉल्ड यांनी लिहिलेलं तिचं चरित्र २००७ मध्ये आलं, २००८ च्या जानेवारीत फिलाडेल्फियाजवळ मदतनिधीचा कार्यक्रम झाला, तेव्हा कुठे दगड बसला.

बांधावरचा

काल रात्री 'स्ट्रेंज थिंग्ज' ऐकलं. आज सकाळी परत ऐकलं. @सहातारी, बाकीचा अर्धा मुद्दाही तुमचा.

आल्याचा चहा

मी इथे मँचेस्टरलाच असते, सात वर्षं झाली. धागा वाचून नकाशा काढला आणि कपाळावर हात मारला. ते विल्ब्रॅहम रोड स्टेशन माझ्या रोजच्या वाटेवर आहे. म्हणजे होतं. रूळ काढून त्या मार्गावर आता सायकलींचा रस्ता केलाय, फॅलोफील्ड लूप म्हणतात. दोन्ही बाजूंना झाडी, कुत्री फिरवणारे लोक, मधेच धडपडत जाणारी माझ्यासारखी सायकल. आज संध्याकाळी मुद्दाम थांबले. फलाट वगैरे काही ओळखता आलं नाही. झाडाखाली उभी राहून फोनवर ती फीत लावली. हेडफोन घरी विसरले होते, त्यामुळे आवाज मोठा. कुत्रं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले, ऐकलं, आणि म्हणाले, "दॅट्स रोझेटा." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, टीव्हीवर बघितलं होतं, आईनं आवाज कमी करायला लावला होता.

पाऊस होताच, ते वेगळं सांगत नाही.